यंत्रावर फोडलेला नारळ

इस्रायलच्या दक्षिण टोकाला, आमच्या एलातमध्ये परिषद भरणार ही बातमी बाबांनी मला वर्तमानपत्रात दाखवली होती. आतल्या पानावर, खालच्या कोपऱ्यात चार ओळी. समुद्राच्या पाण्याचं पिण्याचं पाणी करण्यासाठी आशियातले पाच आणि युरोपातले चार देश एकत्र येणार होते, आणि त्याचं केंद्र कुठे असावं हे ठरवायला हिवाळ्यात एलातला भेटणार होते. बाबांनी ती स्वतः वाचली, मग मला मोठ्याने वाचायला लावली, मग शेजारून पिन्हासमामाला हाक मारून त्यालाही मराठीत सांगायला लावली.

"आशिया आणि युरोप," ते म्हणाले, "आणि मीटिंग कुठे? आपल्या बंदराच्या कँटीनमध्ये!"

बाबा पाण्याचा टँकर चालवायचे. वाळवंटातल्या विहिरींचं मचूळ पाणी गावात आणून सोडायचे. उन्हाळा संपता संपता ते गेले. टँकर रस्त्याच्या कडेला नीट उभा होता, इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला. टाकी भरलेली होती. दुसऱ्या ड्रायव्हरने तो गावात आणला आणि पाणी वाटलं. आमच्या वाट्याच्या दोन बादल्या आमच्या दारात आल्या, आणि आईने त्या आत घेतल्या.

तेव्हा तो करार व्हावा असं मला का वाटत होतं, ते वेगळं सांगायला नको. करार व्हावा, आणि केंद्र एलातलाच यावं.

मी तेव्हा गावच्या कचेरीत टायपिस्ट होते. मुंबईत शिकलेलं इंग्रजी पक्कं होतं म्हणून परिषदेसाठी मला उसनं घेतलं होतं. लिहून घ्यायचं, टाईप करायचं, लागेल तिथे दुभाष्याचं काम करायचं. पिन्हासमामा आईचा धाकटा भाऊ. मुंबईच्या गोदीत फिटर होता, इथेही फिटरच. परदेशातून आलेल्या यंत्राची पेटी उघडून ते किनाऱ्यावरच्या नव्या शेडमध्ये बसवायचं काम त्याच्याकडे आलं होतं. त्या आठवड्यात तो रोज इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जायचा.

परिषदेच्या तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या दिवशी सकाळी, आम्ही दोघे बरोबरच निघालो. आई दारात उभी होती.

"पिन्हास, आज दिवस कुठला आहे, ठाऊक आहे ना?"

"आहे गो बाय. आज हन्नाबीचा दिवस."

हिब्रू पंचांगातल्या शेवाट महिन्याची पंधरावी. या देशात त्या दिवशी शाळेतली मुलं झाडं लावतात. आम्हा कोकणातून आलेल्या ज्यू लोकांसाठी तो एलियाहू हन्नाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, उरूस. गोड पोहे, फळं, त्यावर खवलेला नारळ असा मलिदा करायचा आणि हन्नाबीचं नाव घ्यायचं.

"पोहे आहेत अजून मुंबईचे," आई म्हणाली. "पण नारळाशिवाय मलिदा कसला करायचा? राहू दे यंदा."

राहू दे यंदा, हे नारळामुळे नव्हतं, हे आम्हा तिघांनाही कळत होतं.

"आपल्या इंडियाचा कोणी आलाय का गं?" तिने मला विचारलं. तीनही दिवस ती हेच विचारत होती.

"नाही आई. सिलोनचा आलाय."

"सिलोन म्हणजे जवळच की," ती म्हणाली, आणि आत गेली.

कँटीनमध्ये टेबलं जोडून त्यांवर पांढरे कपडे टाकले होते आणि नऊ देशांचे छोटे झेंडे मांडले होते. भिंतीवरचा मासळीचा वास मात्र कोणालाच घालवता आला नव्हता. यरुशलेमहून आलेला सरकारी अधिकारी एरन हा सगळा कारभार पाहत होता. तरुण, हुशार, आणि तीन दिवसांत वजन घटल्यासारखा दिसणारा.

भांडण एकाच गोष्टीवर अडलं होतं. यंत्र हॉलंडचं. ते समुद्राचं पाणी उकळून वाफ करत होतं आणि वाफेचं पुन्हा पाणी. हॉलंडचे इंजिनियर डेकर, उंच, लालबुंद, फार सभ्य. ते म्हणत होते, आधी कराराला सही करा, मग यंत्राचं झाकण उघडू. जपानचे इशिमुरा, चष्म्याआडून हळू बोलणारे, म्हणत होते, आधी झाकण उघडा, मग सही करू. ब्रह्मदेश, सयाम, फिलिपाइन्स आणि सिलोन हे इशिमुरांच्या बाजूला. फ्रान्स, नॉर्वे आणि इटली डेकरांच्या. मी पुस्तकांतून कितीतरी राजांचे तह वाचले होते. इतक्या सरळ कारणावर अडलेला एकही आठवत नव्हता.

"सद्गृहस्थहो, आमच्या सरकारची अट आहे," डेकर म्हणाले.

"आमच्या सरकारला डोळे आहेत," सिलोनचे गुणसेकर म्हणाले. हे गोल चेहऱ्याचे, पांढऱ्या कपड्यांतले गृहस्थ. त्यांच्या प्रत्येक वाक्याला कोणीतरी हसायचंच.

"संध्याकाळच्या विमानापर्यंत ठरलं नाही," डेकर टेबलाकडे पाहत म्हणाले, "तर मला यंत्र पुन्हा पेटीत घालावं लागेल. भूमध्य समुद्रावरच्या एका बंदरात इमारत तयार आहे. तिथले लोक प्रश्न विचारत नाहीत."

हे वाक्य लिहून घेताना माझी पेन्सिल मोडली. मी दुसरी घेतली.

एरनने घड्याळ पाहिलं आणि उठला. "राबोताय, मंडळी, निदान एका गोष्टीवर आपलं एकमत आहे. अकरा वाजता शेडमध्ये जाऊ. श्री. गुणसेकरांनी आपल्या देशातून बियाण्याचा नारळ आणला आहे. शेडसमोर खड्डा तयार आहे. आज झाडांचा सण आहे. आपण सगळे मिळून तो नारळ लावू, यंत्र सुरू झालेलं पाहू, आणि मग परत येऊन मत घेऊ."

यावर कोणाचीच हरकत नव्हती. खुर्च्या सरकल्या. एरन माझ्या कानाशी पुटपुटला, "झाड लावताना तरी भांडणार नाहीत. तो नारळ नसता तर आज मी काय केलं असतं?"

आम्ही किनाऱ्याने चालत होतो. समुद्र निळा, पलीकडचे डोंगर तांबडे, हवा छान. शेड शंभरेक पावलांवर असेल तेव्हा आतून 'खाड्' असा आवाज आला. एकदा. मग पुन्हा.

एरन थबकला. "हे काय?"

तो आवाज मी ओळखला होता. मुंबईत वाढलेल्या कोणालाही ओळखता आला असता. मी धावले.

शेडमध्ये यंत्राच्या चकचकीत झाकणासमोर पिन्हासमामा उभा होता, डोक्यावर टोपी, डोळे मिटलेले, तोंडाने एलियाहू हन्नाबीचं नाव. पायाशी काथ्याचा ढीग, त्यात लाल रिबीन. एका हातात पहार, दुसऱ्या हातात नारळाची वाटी. दुसरी वाटी झाकणावर उताणी पडली होती आणि नारळाचं पाणी झाकणावरून चारी बाजूंनी ओघळत होतं.

"मामा! काय केलंस हे?"

त्याने डोळे उघडले. चेहरा अगदी प्रसन्न होता. "आलात सगळे? बरं झालं. सोलायलाच किती वेळ गेला! पण फुटला बघ कसा, बरोब्बर मधोमध."

"तो लावायचा होता!"

"लावायचा? कुठे?"

"जमिनीत!"

मामाने हातातल्या वाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "अगो, असं कसं? हन्नाबीचा दिवस, नवीन मशीन, बाजूला टेबलावर रिबीन लावलेला नारळ. गोदीत एवढीशी क्रेन सुरू करायची तरी नारळ फोडल्याशिवाय कोणी कळ दाबत नसे. इंग्रज साहेब असला तरी. मला वाटलं, कोणीतरी समजून आणून ठेवलाय."

एव्हाना सगळे दारात गोळा झाले होते. एरनचा चेहरा मला अजून आठवतो. तो ओरडला नाही. हिब्रूत अगदी हळू म्हणाला, "रूबी, या माणसाला विचार, याने काय केलं ते याला कळतंय का."

"त्याला कळतंय," मी म्हणाले. "आपल्याला कळत नाहीये."

मग मी इंग्रजीत सगळ्यांना सांगितलं. हन्नाबी, गोदी, क्रेन, साहेब. मला वाटलं होतं माझा आवाज कापेल, पण तो खणखणीत निघाला. सांगताना मला मजाच येऊ लागली, बाबांच्या नंतर पहिल्यांदा.

गुणसेकर पुढे आले. त्यांनी पहार पाहिली, काथ्या पाहिला. "हा नारळ," ते म्हणाले, "कोलंबोपासून मी मांडीवर घेऊन आलो. रोमला कस्टमवाल्याने बॉम्ब आहे का म्हणून कानाला लावून हलवला. आणि या माणसाने..." ते मामाकडे वळले. "आमच्याकडेही नारळ फोडतात, मिस्टर. पण सरकारचा नाही फोडत!"

मी मराठीत सांगितलं. मामा म्हणाला, "त्यांना सांग, हन्नाबीला सरकारी-बिनसरकारी काही नसतं."

मी तेही सांगितलं. गुणसेकर पोट धरून हसले. ब्रह्मदेशाचे प्रतिनिधीही हसले. एरन हसला नाही. हसले नाहीत ते डेकरही. ते यंत्राजवळ गुडघे टेकून बसले होते आणि झाकणाच्या कडेवरून बोट फिरवत होते.

"आत गेलंय," ते म्हणाले.

"काय?"

"नारळाचं पाणी. फटीतून आत गेलंय. साखर आहे त्यात. हे असं तापवलं तर आतल्या नळ्यांवर चिकटेल. मला हे सुरू करता येणार नाही. उघडून पुसावं लागेल."

 सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं. झाकण उघडायचं होतं.

डेकर उभे राहिले. चेहरा आणखी लाल झाला होता. "सद्गृहस्थहो, आपण कृपा करून बाहेर थांबाल का?"

इशिमुरा एक पाऊलही हलले नाहीत. फ्रान्सचे प्रतिनिधी, जे डेकरांच्या बाजूचे होते, तेही हलले नाहीत. उलट त्यांनी चष्मा पुसला.

"माझा नारळ आत आहे," गुणसेकर म्हणाले. "मी थांबणार."

डेकरांनी एरनकडे पाहिलं. एरनने छताकडे पाहिलं. शेवटी डेकरांनी कोट काढून मला दिला, बाह्या सरसावल्या आणि मामाला खूण केली. मामाने पाना घेतला. एकेक बोल्ट निघू लागला. मामा काढायचा, डेकर हातात घेऊन फडक्यावर ओळीने ठेवायचे. मी कोट धरून उभी होते आणि निघालेले बोल्ट मोजत होते.

झाकण जड होतं. डेकर आणि मामाला ते उचलेना. इशिमुरांनी न विचारता तिसरी बाजू धरली, आणि नॉर्वेच्या प्रतिनिधींनी चौथी. झाकण वर आलं.

आतल्या नळ्या तांब्याच्या होत्या, पण तांबं दिसत नव्हतं. नळ्यांवर पांढऱ्या दगडासारखा थर बसला होता, ठिकठिकाणी बोटाएवढा जाड. आमच्या घरच्या किटलीत जमायचा तसाच.

मामा मराठीत म्हणाला, "हे नारळाने नाही झालं हां."

ते मी भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

इशिमुरांनी खिशातून पेन्सिल काढून थरावर टकटक केलं. "हे यंत्र नवं नाही."

"नाही," डेकर म्हणाले. ते फडक्याला हात पुसत राहिले. "आमच्या बंदरात काही आठवडे चाललं. मग असं होतं. थर जमतो, नळ्या गळा आवळल्यासारख्या बंद होतात. आम्ही खरवडतो, पुन्हा जमतो. उपाय सापडलेला नाही."

"मग हे आम्हाला का सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तुम्ही सही केली नसती."

इशिमुरा त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, आणि हे इंग्रजी त्यांनी तुकड्या-तुकड्याने, पण मोठ्याने उच्चारलं, "मिस्टर डेकर, यंत्र चांगलं चालत असतं तर नऊ देश कशाला हवे होते? आम्ही विकत घेतलं असतं. सही तर याच्यासाठी करायची!" आणि पेन्सिल नळीवर आपटली. थराचा एक तुकडा तुटून खाली पडला.

पुढचा तासभर काय झालं ते मी सरळ सांगू शकत नाही, कारण सगळे एकदम बोलत होते. तीन दिवस झेंड्यांमागे बसलेली माणसं यंत्राभोवती वाकली होती. सयामचे प्रतिनिधी म्हणत होते, पाणी कमी तापवा, पण हवेचा दाब उतरवा. डेकर म्हणत होते, केलं होतं, पंप टिकत नाही. इशिमुरा म्हणत होते, पंप आमच्याकडे आहे. कोणाचा जो प्रस्ताव खोडला जाई तोच दुसरा उचलून दुरुस्त करी. इटलीच्या प्रतिनिधींनी खडू घेऊन शेडच्या सिमेंटच्या जमिनीवर आकृती काढली आणि फिलिपाइन्सच्या प्रतिनिधींनी ती बुटाने पुसून पुन्हा काढली. एरन आधी "मंडळी, मंडळी" म्हणत होता, मग तोही खाली वाकून बघू लागला. मी भराभरा लिहीत होते, पानामागून पान. कधी हॉलंडचं वाक्य जपानच्या तोंडी लिहिलं जात होतं आणि त्याने फरक पडत नव्हता.

मामा त्या गर्दीतून नारळाचे तुकडे घेऊन फिरत होता. खिशातल्या चाकूने त्याने ते कापले होते. "घ्या साहेब. फोडला की वाटायचा असतो." डेकरांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि बोलत राहिले.

"पण केंद्र कुठे?" फ्रान्सच्या प्रतिनिधींनी विचारलं. "तिकडची इमारत तयार आहे, हे विसरू नका."

माझी पेन्सिल थांबली.

"इथलं पाणी भूमध्य समुद्रापेक्षा जास्त खारं आहे," डेकर म्हणाले. "थर इथे लवकर जमेल."

"म्हणजे इथे नको," फ्रान्सचे म्हणाले.

"म्हणजे इथेच हवं!" इशिमुरा म्हणाले. "तिकडे चूक कळायला वर्ष लागेल. इथे महिन्यात कळेल."

डेकरांनी खाली पडलेला थराचा तुकडा उचलून पाहिला. खारं पाणी आम्ही वर्षानुवर्षं प्यायलो होतो, आणि त्याच्याबद्दल कोणी चांगलं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते.

"मला पटतं," डेकर शेवटी म्हणाले. "पण अट माझ्या हातात नाही. विचारावं लागेल."

टेलिफोन कँटीनमध्ये होता. मी एक्स्चेंजला तेल अवीव मागितलं. लाईन लागली, तुटली, पुन्हा लागली. एक्स्चेंजवरची मुलगी म्हणाली, "गेव्हेरेत, बाई, जरा धीर धरा." मी म्हणाले, "मला धीर आहे, विमानाला नाहीये." डेकरांना त्यांच्या वकिलातीतला माणूस मिळाला आणि ते डच भाषेत बोलू लागले. एक शब्द कळत नव्हता. ते बराच वेळ बोलले, मग बराच वेळ ऐकलं. एकदा त्यांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. एकदा ते हसले. 'कोकोस' असा काहीतरी शब्द आला, तो नारळच असणार. पलीकडचा आवाज बाहेर ऐकू येईल इतका चढला. मग उतरला.

त्यांनी फोन खाली ठेवला.

"मिस रूबी," ते म्हणाले, "माझा कोट तुमच्याकडे आहे. त्याच्या आतल्या खिशात पेन आहे."

मी मसुदा टाईप केला. माझी बोटं इतकी पळत होती की टाईपरायटरच्या दांड्या दोनदा एकमेकींत अडकल्या. झाकण सगळ्यांसमोर उघडायचं, बिघाड सगळ्यांना कळवायचा, सुधारणा सगळ्यांच्या. स्थळ, अशी एक ओळ होती. तिच्यापुढे मी एलात लिहिलं, आणि कागद काढण्याआधी ते पुन्हा वाचलं.

एकेकाने सही केली. झेंडे बाजूला सरकवावे लागले. शेवटची सही गुणसेकरांची. एरन माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझ्या मामाला मी काढून टाकणार होतो."

"आणि आता?"

"आता पुढच्या वेळी नारळ कुठे ठेवायचा ते त्यालाच विचारीन. बेसेदेर? ठीक?"

बाहेर मामा डेकरांसाठी बोल्ट पेट्रोलने धूत होता आणि मोठमोठ्याने गात होता. मी त्याला काही सांगायला थांबले नाही. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं, मी काळ्या कपड्यांत होते, आणि भर दुपारी बंदरापासून आमच्या वस्तीपर्यंत सगळ्या रस्त्याने धावत गेले. लोक खिडक्यांतून बघत होते. चढावर चप्पल तुटली. ती हातात घेतली.

आई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली.

"सही झाली?"

मला बोलताच येईना, इतका दम लागला होता. मी मान हलवली.

"सगळ्यांची?"

"सगळ्यांची."

"आणि कुठे?"

"इथे, आई. इथेच."

तिने सूप खाली ठेवलं. रस्त्याकडे बघितलं, टँकर यायचा त्या वळणाकडे, आणि पुन्हा माझ्याकडे.

"मग रडतेस कशाला?"

"रडत नाही. धावले म्हणून."

"हो," आई म्हणाली आणि पदराने आधी माझं तोंड पुसलं, मग स्वतःचं. "मीही तांदळाच्या धुळीनेच."